पेट्रोलपंपावरचा माणूस

ॲक्रॉइड बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची खोली मला मिळाली.
हल शहर, तिसरा मजला, खिडकीतून हंबर नदीचा गढूळ तुकडा.
सोबत बुटांची सतरा खोकी,
आत कार्डंच कार्डं.

चाळीस वर्षं बाईंनी एकच काम केलं:
अमेरिकन कादंबऱ्यांतली बिननावाची माणसं
टिपून ठेवली.
'तार आणणारा पोरगा. पान १२. बक्षिशी मोजतो, जातो.'
'मोटेलवाली. पान २०३. किल्ली देते. खोकते.'
खोकते-खाली लाल रेघ.
'पेट्रोलपंपावरचा माणूस. पान ८८.
काच पुसतो. म्हणतो, पुढे रस्ता खचलाय.'

अमेरिका त्यांनी पाहिली नाही.
एकदा कॅन्ससपर्यंतचं तिकीट काढलं होतं,
त्याच आठवड्यात आईचं उजवं अंग गेलं.
तिकीट खूण म्हणून एका जाड कादंबरीत राहिलं,
कादंबरी अर्धवट.

आमच्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात,
मी एकदा चहा पिताना समजावून सांगितलं.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, 'हाकणाऱ्याचं नाव काय?'

पुस्तक एकच. खपल्या दोनशे बारा प्रती.
त्यातली एक कोल्हापूरच्या वाचनालयात कशी पोचली
कोण जाणे; पानं जोडलेलीच होती,
मी ती बाबांच्या दाढीच्या पात्यानं कापली,
आणि इथवर आले.

शेवटच्या खोक्यात कादंबऱ्या नव्हत्या.
'कँटीनमधली. सोमवारी बटाटे जास्त वाढते.'
'बसचा कंडक्टर, धुक्यात. पान नाही.'
'विद्यार्थिनी, भारतातून. दारात उभी. बूट ओले.
आत ये म्हटल्यावर आधी बूट काढते.'

नाव मी तीनदा सांगितलं होतं.
स्पेलिंगसकट.

राग आला, खोटं कशाला बोलू.
कार्ड खिशात घालून घरी नेलं,
दुसऱ्या दिवशी परत आणलं,
कंडक्टरच्या मागे लावलं.

आज पहिल्या वर्षाचा वर्ग.
नायकाबद्दल सगळे बोलले: त्याचं एकटेपण, त्याचा बाप,
त्याची ती गाडी.
एकानं विचारलं, हे परीक्षेला आहे का?
मी म्हटलं, पेट्रोलपंपावरचा तो माणूस सांगतो ना,
मग पुढे रस्ता खरंच खचलेला होता का?

कुणालाच आठवेना.
मलाही नाही.
खुर्च्या कुरकुरल्या,
आणि बावीस जण
मागची पानं उलटू लागले.