दीड फुटाच्या खुंट्या

मार्लिस केट्टुनेन निवडणुकीला उभी राहिली
त्याचं कारण एक वॉशर.
तिसऱ्या रस्त्यावरचा बंबवाल्यांचा लाल नळ
मेपासून गळत होता.
पालिकेचा माणूस तीनदा आला, तीनदा फोटो काढून गेला.
मग ती स्वतः गेली, पाना घेऊन,
आणि तिला दंड झाला.
पासष्ट डॉलर. पावती गल्ल्यामागे चिकटवलेली आहे,
सही वाचता येत नाही.

मी तिच्या दुकानात किल्ल्या कापतो. सोळा वर्षं.
मिशिगनच्या पार वरच्या टोकाला आमचं गाव,
सरोवराकडून वारा आला की
दार लोटायला दोन माणसं लागतात,
आणि दुकान चालवायला, ती म्हणते, दीड.
अर्धा मी.
पाटीवर आजोबांच्या हातचं अजून तसंच:
केट्टुनेन आणि मुलगे.
मुलगा एकही नाही.

प्रचार म्हणजे काय,
तर संध्याकाळी बापाचा लोकरी कोट चढवून
ती दारोदार हिंडायची.
माणसांची नावं विसरायची. दारं नाही.
"ही बिजागरी आपली, नव्वद सालची.
हिला तेल कोण घालत नाही?"
आतून कोणीतरी ओशाळून हसायचं.
मागे मी, पत्रकं धरून.

तिला ठाऊक होतं
नवरा गेल्यावर आठ दिवसांत कोणी कुलूप बदललं,
आणि मुलगा परत येईल म्हणून कोणी बदललंच नाही.
कोणी एका हिवाळ्यात दोनदा दोर मागितला,
तेव्हा दुसऱ्यांदा ती "संपलाय" म्हणाली
आणि दुकान बंद होईपर्यंत
त्याला आतल्या खोलीत कॉफी पाजत बसली.
दोराचं रीळ माझ्या डोक्यावरच टांगलेलं होतं.

यातलं काहीच पत्रकात नव्हतं.
मी म्हटलं, लिहू या.
तिनं अशी नजर टाकली
की मी पुढची किल्ली वाकडी कापली.

समोर रसेल ट्रेव्हॅरो. घरं विकणारा. दात चांगले.
बसथांब्याच्या बाकांवर त्याचा फोटो,
लोक त्याच्यावर बसून बसची वाट बघायचे.
ऑक्टोबरअखेर तो आमच्याकडेच आला,
फलकांना दोनशे खुंट्या हव्या होत्या.

"फूटभराच्या नको," मार्लिस म्हणाली,
"जमीन गोठायला लागलीय. दीड फुटाच्या घे,
नाहीतर पहिल्याच वाऱ्यात आडवा होशील."
वर घाऊक दर लावला.

रात्री मी भांडलो. ती चिल्लर मोजत होती.
"खुंटी विकणं हा धंदा," म्हणाली,
"आखूड खुंटी विकणं हे राजकारण."
मग नाण्यांची चळत मोडून पुन्हा पहिल्यापासून:
"हे पत्रकात घालू नकोस. फार शहाणपणाचं वाटतं."

लांब खुंट्या संपल्या होत्या.
आमच्या फलकांना आखूडच उरल्या.
मतदानाच्या आदल्या रात्री वारा सुटला, आणि सकाळी
मार्लिस केट्टुनेन हे नाव
गावभर गवतात पालथं पडलेलं.

त्याआधी चर्चच्या तळघरात सभा झाली, तेही सांगायला हवं.
कोणी विचारलं, अंदाजपत्रकातली तूट कशी भरणार?
रसेल अकरा मिनिटं बोलला.
ती म्हणाली, "मला माहीत नाही.
कागद द्या, सोमवारी वाचून सांगते."
टाळी एकच वाजली.
माझी, आणि तीही उशिरा.

एक्केचाळीस मतांनी पडली.
बुधवारी नेहमीसारखं साडेसातला शटर वर.
कोणी विषय काढला नाही, पण त्या दिवशी गावाला
अचानक किती वस्तूंची गरज पडली:
एक चूक, दोन स्क्रू, हातभर सुतळी,
गिऱ्हाइकं पैसे देऊन उगाच रेंगाळायची.

जानेवारीत, शपथविधीच्या तिसऱ्या दिवशी,
रसेल आला. बुटांना बर्फ.
"त्या लाल नळाला," खाली बघत म्हणाला,
"वॉशर कुठला लागतो?"
तिनं खण न बघता उघडला.
"पाना आहे?"
नव्हता.
"टॉर्च धरता येतो?"
बहुतेक येत असावा.
तिनं कोट घातला.
"या वेळचा दंड तू भर," दारातून ऐकू आलं,
मग दार त्या दोघांनी मिळून ओढून घेतलं.

मी मशीनपाशी. एक जण चिमणीची जाळी मागत आला,
मापाचं मला कळेना.
म्हटलं, बसा जरा.
मालकीण पालिकेच्या कामावर गेलीय.