एकोणसत्तर वेढे

पाणी पाच दिवसांनी येतं आमच्या विडी घरकुलात,
तेही रात्री अडीचला,
आणि मोटार जळायची ती त्याच रात्री.
तक्रार म्हणून सांगत नाही.
आमच्याकडे दिवस असेच मोजतात:
बारसं पाण्याच्या दुसऱ्या दिवशी,
पाहुणे पाण्याच्या आदल्या दिवशी नकोत.

इरण्णा हत्तुरे मास्तर रविवारी यायचे
सायकलच्या कॅरियरला जळका स्टेटर बांधून.
अक्कलकोट रोडला तीस वर्षं मोटारी भरलेला माणूस.
समाजमंदिरात सतरंजीवर आम्ही नऊ बाया.
फी विचारली, तर म्हणाले,
गल्लीतल्या दोन मोटारी फुकट भरायच्या
आणि एकीला शिकवायचं.
रेणुका बोगम म्हणाली, महाग आहे हो.

तांब्याची तार त्यांनी हातात दिली,
केसाहून थोडी जाड.
ताणू नका, म्हणाले, ढिली सोडू नका.
पस्तीस वर्षं तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू,
दोऱ्याचा फास,
पंचवीसचा कट्टा, हजाराचा दिवस,
छाट निघाली की हजाराचे नऊशे.
ताण किती द्यायचा
हे माझ्या बोटांना कुणी सांगायला नको होतं.

चुकलं ते मोजण्यात.
मास्तर म्हणाले, एकोणसत्तर वेढे.
मी सत्तर ऐकलं, वर नऊ ठेवले.
आमच्या तेलुगूत आकडा सरळ चालतो,
थोरला पुढे, धाकटा त्याच्या मागे.
मराठीत सत्तरचं नाव घ्यायचं
आणि एक पायरी खालीच थांबायचं.

गुरुवारी अडीचला नळात सूं झालं.
गल्लीभर घागरी लागल्या.
मी बटण दाबलं.
मोटार गुरगुरली, फिरली नाही,
मग जळक्या वार्निशचा वास,
आणि कुणाचंतरी पोर झोपेत खोकलं.
कुणीच काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.
अंबुबाई चिलवेरीनं पलीकडच्या गल्लीतून
आपल्या पिंपातलं पाणी
मोजून दिलं, घरामागे दोन घागरी.
पाच दिवस मी दुसऱ्याच्या पाण्यात डाळ शिजवली.

रविवारी मास्तरांनी कॉइल उसवली,
एकेक वेढा मोजला.
एकोणऐंशी.
मी खाली बघत होते.
त्यांनी तळहात पुढे केला.
होटगीच्या शाळेत, म्हणाले, तिसरीत,
याच आकड्यावर छड्या खाल्ल्यात.
कन्नडमध्ये सरळ असतं ना, अरवत्तोंबत्तु.
मी म्हटलं, अरवै तोम्मिदि.
खातूनबी म्हणाली, आमचं उनहत्तर,
मराठीवाल्यांसारखंच उलटं,
तरी मी नापास झालेच.

मग त्यांनी कोळशानं भिंतीवर लिहिलं
६९,
एवढं मोठं की पोरं विचारायची,
हा कुणाच्या घराचा नंबर?
त्या दिवसापासून आकडा तोंडी सांगणं बंद.
लिहायचा भिंतीवर,
मोजायचा जिनं तिनं आपल्या घरच्या भाषेत.

मास्तर आता लेकीकडे असतात, विजापूरला.
गुडघ्याला सायकल झेपत नाही.
समाजमंदिराला रंग दिला तेव्हा
रंगाऱ्याला सांगितलं, तेवढा चौकोन सोड.
सोडला त्यानं, थोडा वाकडा.

माझी फी अजून फिटली नाही.
दोन मोटारी झाल्या, तिसरीही झाली,
एकीला शिकवायचं राहिलंय.
सून बसलीय समोर, तार बोटांत घेऊन,
मनातल्या मनात मोजतेय,
कुठल्या भाषेत ते मी विचारलं नाही.
मध्येच हाक मारली
तर मान वर न करता हात दाखवते: थांबा.

थांबते.
मांडीवर सूप आहे,
सातशे झाल्यात, तीनशे बाकी.
आज पाण्याची रात्र.