माशा मारण्याचे दिवस

हडर्सफील्डला नोव्हेंबरात ऊन येतं
अकराच्या सुमारास, माळ्याच्या खिडकीत,
जेमतेम वीस मिनिटं.
तेवढ्यात त्या जाग्या होतात.

आधी एक, मग चार,
मग मोजणं सोडून द्यावं इतक्या.
जाडसर, सुस्त, पाठीवर पिवळट लव.
आंब्याच्या कोयीवर हात चोळत बसणाऱ्या वेगळ्या.
या नुसत्या काचेला डोकं लावतात,
मग उताण्या पडून गरगरतात चौकटीवर,
जाळी संपत आलेल्या भोवऱ्यासारख्या.

"काय चाललंय?" कराडहून भाऊ विचारतो.
"माशा मारतोय."
तो हसतो. मे महिन्यापासून हसतोय.
मी फोन फिरवून खिडकी दाखवत नाही.

लीड्सची नोकरी तर झाल्यातच जमा होती,
पगाराचा आकडा ठरला, रुजू व्हायचा सोमवार ठरला,
आणि कुठेतरी माशी शिंकली.
आपल्या भाषेत सगळा आळ तिच्यावर.
बिचारीला नाकसुद्धा नाही.

केळ्यांवरच्या चिलटांचं सोपं होतं :
वाटीत व्हिनेगर, वर भांडी घासायच्या साबणाचा थेंब,
सकाळी सगळी तळाशी.
गव्हातले सोंडे चाळणीने काढले,
सिंकमागच्या मुंग्या हळदीच्या रेघेला मानल्या.
या मात्र कापराला बधल्या नाहीत,
लवंगा खोचलेल्या लिंबावर तर
एक चक्क झोपली.

कीटकांचं औषध मारणारा क्रेग आला,
टॉर्च घेऊन तुळईमागे बघून आला,
ऐंशी पौंड म्हणाला.
मग चहाचा कप हातात घेतल्यावर म्हणाला,
पुढच्या वर्षी परत येतील म्हणा.
त्याच्या धंद्याचं कसं होणार, याची मला काळजी वाटली.

शेजारच्या डोरीनबाई, वय ब्याऐंशी,
कुंपणावर कोपर टेकून सांगतात :
उन्हाळाभर या मागच्या रानात असतात,
पिल्लं गांडुळाच्या पोटात वाढतात,
थंडी पडली की सत्तावीस नंबर.
माझं घर नाही, पलीकडचं नाही, तुमचंच.
तुमच्या आधी ब्रायन होता, त्याच्याही आधी होत्या.

दुसऱ्याच्या घरात हिवाळा काढणाऱ्या...
इथे एक उपमा येऊन बसू पाहत होती.
मी वर्तमानपत्राची सुरळी उचलली.
उडाली.

शेवटी व्हॅक्यूम लावला.
नळीतून जाताना एकेकीचा टक् असा आवाज.
रात्री जिन्याखालच्या कपाटातून गुणगुण :
पिशवीत, धुळीत, आमच्याच केसांच्या गुंत्यात
त्या अजून चालू होत्या.
हेमांगी रात्रपाळीला. घड्याळात तीन.
मी पायरीवर बसून राहिलो, गोधडी घेऊन.
उठून पिशवी बाहेर टाकता आली असती.
पण घरात आणखी कुणीतरी जागं होतं.

एकेकाळी हेमांगी नाकावर माशी बसू द्यायची नाही.
आता सकाळी येते,
खांद्यावर एक बसलेली असते, झटकत नाही.
बूट काढता काढता विचारते, "काल किती?"
"एकसष्ट."
हल्ली आमच्यात एवढंच बोलणं
न अडखळता होतं.

आज ती आल्यावर झोपली नाही.
अकराला माझ्यामागोमाग माळ्यावर आली,
गणवेशातच, गळ्यात ओळखपत्र.
मी खिडकी वर सरकवली.
दोघी-तिघी गेल्या.
बाकीच्यांनी गार हवा हुंगली
(नाक नसताना)
आणि परत तुळईकडे चालू लागल्या.
"आज मोजणार नाहीस?"
"नाही."
ती चौकटीपाशी वाकली.
उताणी पडलेली एक
तिने नखाच्या टोकाने सरळ केली.
ऊन अजून चार-पाच मिनिटं होतं.