वडिलांकडची प्रत

तार्तूमधल्या नदीच्या नावातच आई आहे.
फेब्रुवारीत ती गोठते, धीट माणसं तिच्यावरून चालत
पलीकडच्या बाजारात जातात.
लेइदा पिह्लाक पुलावरून जाते.
गोठलेल्या गोष्टींवर तिचा विश्वास आहे,
पण उणे ऐंशी अंशांच्या खाली.

तळघरात तिचे एकशे बारा उंदीर.
एका रांगेत आई काळी, बाप तपकिरी,
दुसऱ्या रांगेत उलट.
दोन्ही घराण्यांच्या जनुकात एका अक्षराचा फरक,
त्यावरूनच ओळखायचं, बोललं कोण.

नव्या मुलाला, काउरला, ती सांगते:
"प्रती दोन. एक आईकडची, एक वडिलांकडची.
पण हे जनुक आईकडून आलेलं असेल तरच बोलतं.
वडिलांकडचं असतं, शाबूत असतं, गप्प असतं."
"खराब झालेलं असतं?"
"नाही. त्याच्यावर खूण असते."

खूण म्हणजे एक कार्बन, तीन हायड्रोजन,
आपला अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसतो तसं टिंब.
फक्त अनुस्वार आवाज देतो,
हे टिंब काढून घेतं.

आणि दर पिढीला खुणा पुसतात, नव्याने घालतात.
आईकडून मुलाला मिळालेलं
त्याच्या बीजात शिरलं, की बापाचं म्हणून नोंदतात.
आजोळ एकाच पिढीपुरतं.

सगळंच आईचं दिलं तर?
गर्भ धरतो, वार धरत नाही.
सगळंच बापाचं दिलं
तर वारच वार, आत गर्भ टिचभर.
हे तिने तरुणपणी, हात स्थिर होते तेव्हा,
सुईच्या टोकावर करून पाहिलं होतं.
दहाव्या दिवसाच्या पुढे कोणीच गेलं नव्हतं.

एका बुधवारी फिल्मवर,
रिकाम्याच असायला हव्यात अशा रकान्यांपैकी एकात,
पट्टी दिसली.
पुसट. नखाने ओरखडल्यासारखी.

"भेसळ," ती म्हणाली.
पाणी बदललं, पिपेट बदलली, काउरला घरी पाठवलं.
यकृत: गप्प.
मूत्रपिंड: गप्प.
जीभ: गप्प. हे तिने दोनदा पाहिलं.
लहान मेंदूत
वडिलांकडची प्रत बोलत होती.
तिसऱ्यांदाही बोलत होती.

छप्पन साली ते सैबेरियातून परत आले
तेव्हा लेइदा नऊ वर्षांची होती.
हात-पाय होते, दात बरेचसे होते.
जेवताना आईच दोघांचं बोलायची:
तुझ्या वडिलांना मीठ हवंय.
तुझ्या वडिलांना वाटतं, तू शिकावंस.
ते पाव कापत राहायचे,
सगळे तुकडे एका जाडीचे,
कोणी मोजणार असल्यासारखे.

पण गोठ्यामागे मधमाश्यांच्या पेट्या होत्या.
तिथे टोपी काढून, फळीजवळ तोंड नेऊन,
ते बराच वेळ काही सांगत असायचे.
लाकडांच्या ढिगाआडून तिने ऐकलं होतं.
शब्द कळले नाहीत.
वडिलांचा आवाज बारीक आहे
हे तिला तेव्हा समजलं.
आईला तिने ते सांगितलं नाही.

वहीत तिने लिहिलं:
‘लहान मेंदू. वडिलांकडची प्रत व्यक्त.
कारण माहीत नाही.’
शेवटचं वाक्य खोडलं,
मग खाली तेच पुन्हा लिहिलं, अक्षर जरा बरं काढून.

शीतखोलीत वरच्या फळीवर,
विकरांच्या कुप्यांमागे, मधाची एक बरणी आहे.
साल एकाहत्तर. दगड झालेला मध.
लेबलावर तिच्याच अक्षरात: वापरू नये.
त्या रात्री तिने झाकण फिरवून पाहिलं. फिरलं नाही.
गरम पाण्याखाली धरलं,
पदर नसलेल्या त्या देशात एप्रनच्या टोकाने पकडलं,
तरी नाही.

बरणी पुसून तिने जागेवर ठेवली,
लेबल पुढे करून.