पाणबुड्याचा डावा हात

लेमिन्स्टरमध्ये जानेवारीत
पोलाद हाताला चिकटतं.
ट्रकमधून उतरलं ते धूड चारशे किलोचं,
मेणकागदात गुंडाळलेलं,
ग्रीस वाळून काकवीच्या रंगाचं झालेलं.
आणि आत, दोन अर्ध्यांच्या मध्ये,
कुणीच नाही.
बोटाएवढ्या पाणबुड्याची नुसती जागा.

साचा उलटा वाचावा लागतो.
डावं ते उजवं, खोल ते उंच.
हे मी उद्यमनगरात शिकलो,
शिदू मिस्त्रींच्या शिव्या खात, वाळूच्या पेटीपाशी:
"वस्तू बघू नगंस लेका, तिच्या भवतीचं बघ."
इथे मॅसॅच्युसेट्सात वाळू नाही, मिस्त्री नाही,
पण अजून तेच बघतो.

टाचेच्या जागी दोन अक्षरं कोरलेली, टी आणि ए.
दोन्ही अशी, की आरशातही स्वतःच राहतात,
क्रम तेवढा फिरतो.
आर्मंड थिबोडो.
सहासष्ट साली भिंगाखाली मान मोडून
त्याने हेल्मेटचे बारा बोल्ट खोदले,
जे मुलांना कधी दिसले नसणार.

चौऱ्याहत्तर साली कंपनीने
भाल्याचा डावा हात वेल्डने बुजवला,
त्यावर पाण्याचा पाइप कोरला
आणि पाणबुड्याचा बंबवाला केला.
समुद्रातून थेट आगीत.
तोही खपला नाही.
मग गोदाम, मग दुसरं गोदाम,
मग कंपनीच गेली, साचा उरला.

आता साठीच्या माणसांना आपला समुद्र परत हवाय,
खोक्यासकट, त्याच निळ्या रंगात.
प्रूइट म्हणाला, एकच तर हात आहे.
त्याला तो डाव्या हातचा मळ वाटला.
पण वेल्डखाली जुना हात झोपलेला नसतो.
वितळलं ते वितळलं.

नमुना आणला थिबोडोच्या मुलीने, लॉरेनने,
बर्फाचे बूट दाराशी काढून,
लोकरी मोज्यात गुंडाळून.
मी मापलं. शेकडा दीडने लहान.
निवताना प्लॅस्टिक अंग चोरतं,
साच्याएवढं कुणीच होत नाही.
तेवढं वाढवून तांब्याचा हात घडवला,
तेलात बुडवून ठिणग्या पाडल्या,
रात्रभर तो हात पोलाद कुरतडत राहणार होता.

त्याआधी दिसली खाच.
अंगठ्यावर, दाताची.
प्रूइट म्हणाला, भरून टाक. मी लांबी कालवलीही.

तेवढ्यात संग्राहकांची अट आली:
जुना कुठला, नवा कुठला, ते कळलं पाहिजे.
पायाखालचं साल कुणीही ब्लेडने खरवडतो
आणि चाळीस डॉलरचा चारशेला विकतो.
खूण अशी हवी, जी काढता येणार नाही.

मी लांबी पुसून टाकली.
तांब्यातली खाच पोलादात टेंगूळ झाली,
तिळाएवढं.
आता दहा हजार पाणबुडे निघतील,
दहा हजार अंगठे एकाच दाताने चावलेले.
गुळगुळीत तो जुना, चावलेला तो नवा.
शिदू मिस्त्री असते तर म्हणाले असते,
"आरं, हे तर साच्यापरीस उलटं."

पहिला तुकडा लॉरेनच्या तळव्यावर ठेवला,
अजून ऊबदार, शिवणीला पापुद्रा लागलेला.
तिने चष्मा वर केला,
अंगठ्यावरून नख फिरवलं.
"मार भावाने खाल्ला होता," ती म्हणाली.
"दात माझा."

मग दोघांनाही तिने एकाच मोज्यात घातलं.
मी सांगायला हवं होतं
की कागदोपत्री आता तिचाही नवाच धरतील.
बूट घालताना ती भिंतीला टेकली,
आणि मशीनने दुसरा पाणबुड्या
पाटीत टाकला.