काळ कुठून आला

साइटवर मला टोपीबाई म्हणतात.
पाथर्डी फाट्यामागच्या या चौदा मजल्यांपुढे
सकाळी साडेआठला मी ओरडते, टोप्या घाला,
आणि मागून कुणीतरी हळूच म्हणतं,
टोप्या तर मुकादम घालतोच बाई, दर शनिवारी, हिशेबाला.
हशा होतो. मीही हसते.
नाशिकची जानेवारी, मफलरवर हेल्मेट बसत नाही,
हसता हसता मफलर सोडतात, पट्टा आवळतात,
तेवढं मला पुरतं.

माझ्याकडे एक हिरवी वही आहे.
झालेल्या अपघातांची ऑफिसात असते, कुलपात.
ही न झालेल्यांची.
पडलं पण लागलं नाही, घसरला पण सावरला,
ते इथं लिहायचं. तारीख, मजला.
नाव नसलं तरी चालेल, हजेरी कापणार नाही,
हे मी तीन भाषांत सांगितलं.
दोन महिने वही कोरी.
हेड ऑफिस खूश.

कुणालाही विचारा, उत्तर एकच:
काळ आला होता बाई, वेळ आली नव्हती.
हात कपाळाला, मग छातीला,
मग पुन्हा घमेल्याला.

एका मंगळवारी हिराबाई भोये आली, सुरगाण्याकडची.
म्हणाली, माझं लिहा.
वरून सळई सुटली. मी पाणी प्यायला उठले होते.
बघायला येता?
गेले.
ती बसायची त्या वाळूत सळई अजून उभी होती,
रोवलेल्या उदबत्तीसारखी.

काळ आला होता म्हणता ना हिराबाई,
मग कुठून आला ते सांगा.
जिन्यानं आला की लिफ्टच्या खड्ड्यातून?
गेटवर त्याला कुणी पास विचारला नाही?
ती हसली नाही.
मान वर करून मजले मोजत राहिली,
मग बोट उचललं.
तिथून. सहाव्यावर. जाळी फाटलीय तिथून,
ओढणीनं बांधलंय बघा.

दुसऱ्या दिवशी रफिकुल, फरशीवाला, चहाच्या वेळी:
नवव्यावर डक्टवर प्लाय टाकलाय. खिळा नाही.
पाय ठेवला की बोलतो.
मग दत्तू गांगोडे:
परांचीची तिसरी फळी आतून कुजलीय,
मी तिच्यावर पाय देत नाही.
आणि नवीन पोरं?
त्यांना कुठं माहीत, म्हणाला, आणि गप्प झाला.
बराच वेळ गप्प.
मग स्वतःच जाऊन फळी काढून आणली.

खिळ्याचं ऐकलं तेव्हा मी लिहायची थांबले होते.
माझे वडील सातपूरला प्लास्टर करायचे.
तिथंही डक्टवर प्लाय होता.
आमच्याकडे सगळ्यांनी पत्रिका काढली, शनी पाहिला,
आत्यानं उंबऱ्याला दोष दिला.
खिळा कुणी शोधला नाही.

आठवड्यात एकोणीस नोंदी झाल्या.
साहेबांचा फोन आला, एकोणीस? साइट एवढी बिघडली?
म्हटलं, साहेब, आधीही एवढ्याच होत्या.
ते म्हणाले, बघू.
मी म्हटलं, बघायला या, नवव्यावर,
तिथून पांडवलेणी छान दिसतात.
आले नाहीत.
प्लायला खिळे आम्हीच ठोकले,
रफिकुलनं धरला, मी हातोडी.
दोन वाकडे गेले. पुन्हा ठोकले.

जाळी नवीन आली शुक्रवारी.
जुनी उतरवताना ओढणी सोडवली, पिवळी, सिमेंटनं कडक झालेली.
कुणाची, म्हणून प्रत्येक मजल्यावर विचारलं.
कुणी घेतली नाही. घेतली तर विचारतील,
दिसलं होतं तर बोलली का नाहीस.
पण जिनं बांधली
तिनं ते भोक माझ्याआधी पाहिलं होतं
आणि जवळ होतं तेच बांधलं होतं.

धुतली. पिवळी अजून आहे.
वहीची शिवण सुटत चाललीय,
सध्या तिलाच गुंडाळून ठेवलीय.