ब्लँचर्डच्या परसाचा पंचनामा

तक्रार अकरावी. तीच बाई, मिसेस हॉलगेट,
तेच घर, नंबर सत्तावीस, तीच मागची गल्ली.
ग्रिम्सबीत वारा समुद्रावरून येतो
आणि म्हणे ब्लँचर्डच्या परसावरून जाताना
वाटेतच नासतो.

मी कौन्सिलची. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल,
पायांत ते बूट, जे माझा नवरा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही.

सिरिल ब्लँचर्ड, वय एक्क्याऐंशी. गोदीवर जाळी विणायचा.
दार बोटभर उघडून म्हणाला,
"जागा माझी आहे."
खरंच होतं. नकाशात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्याचीच.
वर किती उंच, ते नकाशात नसतं.

लोकांना वाटतं, कौन्सिल म्हणजे झाडू.
पण नुसता पसारा कायद्याला दिसत नाही.
कुणी आपल्याच अंगणात आपल्याला पुरून घेत असेल
तर कायदा खाली मान घालून पुढे निघून जातो.
त्याला उंदीर लागतो.
एक उंदीर, निदान चार लेंड्या,
मग तो डोळे चोळत उठतो.
म्हणून मी टॉर्च घेऊन वाकले
आणि, खोटं कशाला बोलू,
मनातल्या मनात उंदराला हाका मारल्या.
आला. मोडक्या फ्रीजखालून, सावकाश, घरच्यासारखा.
उंदराला मांजर साक्ष; इथे मी.

एकवीस दिवसांची नोटीस दाराला चिकटवली.
बाविसाव्या दिवशी ती तिथेच होती.
वाऱ्याने एक कोपरा सुटला होता,
तो त्याने सेलोटेप लावून
नीट परत बसवला होता.

मग गाड्या आल्या, पांढऱ्या कपड्यांतली चार पोरं,
आणि बघायला अख्खी गल्ली.
आत काय काय निघतं, मी लिहीत गेले.

प्रॅम एक, चाकं तीन.
"अगं, ही तर आपल्या…" कुणीतरी बोललं, आणि खोकलं.
माशांची काचेची पेटी, तडकलेली.
युर्गिताच्या पोराने आईकडे पाहिलं,
आईने आभाळातल्या सीगलकडे.
डबल गादी, निळ्या फुलांची.
मिसेस हॉलगेटच्या खिडकीला
त्याच निळ्या फुलांचे पडदे होते. ते तेवढ्यात ओढले गेले.

"रात्री भिंतीवरून यायचं," ब्लँचर्ड म्हणाला.
"मला वाटायचं, ठेवायला देतायत."

तळाशी, सगळ्यात तळाशी,
कौन्सिलचेच दोन ट्रॅफिकचे शंकू
आणि 'रस्ता बंद' अशी पाटी.
मी लिहिलं: इतर.
हा एक शब्द नसता तर
आमचं ऑफिस केव्हाच बंद पडलं असतं.

त्याचं स्वतःचं असं एकच निघालं:
जाळी विणायची लाकडी सुई, अंगठ्यापाशी झिजलेली.
खिशात टाकताना त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी पान उलटलं.

खर्च एक हजार आठशे चाळीस पौंड.
कायद्याला मालक एकच कळतो,
ज्याच्या भिंतीच्या आत पडलं, तो.
फॉर्मवर 'भिंतीवरून' असा रकाना शोधला मी,
पुढून, मागून. नव्हता.
घरावर बोजा चढवला. तो गेला की घर विकून फिटेल.

काम संपलं तेव्हा तो फरशीवर मधोमध उभा राहिला.
"एवढं मोठं होतं हे?"
कुणाला विचारलं, कळलं नाही.
आम्ही सह्या करत होतो.

परवा तपासणीला गेले.
फरशी कोरडी. कोपऱ्यात एक किटली,
वायर गुंडाळून झाकणावर ठेवलेली,
टाकणाऱ्याने की ठेवणाऱ्याने, सांगता येत नाही.
भिंत माझ्या खांद्याइतकी. टाचा उंचावल्या असत्या
तर पलीकडचं दिसलं असतं.

माझ्या गाडीच्या डिकीत तीन महिने
आईच्या घरचा टोस्टर पडून आहे.

टाचा उंचावल्या नाहीत. लिहिलं: समाधानकारक.